आभाळाबद्दलचं मत आणि विहिरीचं पाणी

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया ही, कृष्णविवरांसारख्या गोष्टींच्या टकरीतून उठणाऱ्या लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तेव्हापासून मराठवाड्यात तिचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. आमच्या पोरांना यातून नोकऱ्या किती? आणि जिथे प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे अब्जावधी कोसांवरच्या कृष्णविवरांचं आम्ही करायचं काय?

पहिल्याचं उत्तर प्रकल्पवाल्यांनी द्यावं. दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. त्यात असं धरून चाललेलं असतं की आभाळाचा आणि पाण्याचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण तो आहे, आणि फार जुना आहे. विश्व कसं आहे असं माणूस समजतो, यावर तो जमिनीशी, झाडाशी, जनावराशी कसा वागतो हे बरंचसं ठरत आलं आहे. त्याची भक्तीही तिथूनच निघते. हे नेमकं कसं होतं आणि कुठे अडतं, ते इथे सावकाश पाहू.

विश्वदृष्टी म्हणजे काय?

विश्व कशाचं बनलंय, ते कोणी चालवतं की आपोआप चालतं, आणि त्यात माणसाची जागा कुठे? या तीन प्रश्नांची जी उत्तरं आपण मनाशी धरून असतो, त्यांना मिळून विश्वदृष्टी म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट जड नाही. ती प्रत्येकाकडे असते. पंचांगातून येते, कीर्तनातून येते, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातून येते, आणि हल्ली मोबाइलवरून तर चोवीस तास येत राहते.

ती वागण्यात कशी उतरते ते शेतावरून लगेच कळतं. साल-दोन सालांसाठी ठोक्यानं शेत केलेला माणूस सहसा बांधबंदिस्तीच्या भानगडीत पडत नाही, शेणखत टाकत नाही. तो वाईट असतो म्हणून नव्हे; पुढच्या साली हे वावर आपल्याकडे असेल याची त्याला खात्री नसते. तोच माणूस स्वतःच्या वावरात ताली घालतो आणि नातवंडांना खायला मिळावा म्हणून बांधावर आंबा लावतो. माती तीच, माणूसही तोच. हे कोणाचं आणि माझ्यानंतर कोणाचं, याचं उत्तर तेवढं बदललेलं असतं. विश्वदृष्टी हेच उत्तर अख्ख्या पृथ्वीच्या बाबतीत देते.

नक्षत्रांचं आभाळ

आपल्या भागात पाऊस जून-जुलैत पडत नाही. तो मृगात पडतो, आर्द्रात पडतो, हत्तीत पडतो. रोहिणीपासून स्वातीपर्यंतच्या नक्षत्रांवर खरिपाची आणि रब्बीची सगळी मांडणी बसवलेली. यंदा कोणत्या नक्षत्राचं वाहन बेडूक आणि कोणाचं म्हैस, हे आजही पंचांग उघडून पाहिलं जातं. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण ज्वारीच्या पट्ट्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

सूर्य मृगात शिरतो म्हणजे काय? पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे वर्षभरात सूर्याच्या मागे वेगवेगळे तारे येत जातात. साधारण ७ किंवा ८ जूनला त्याच्या मागे मृगाचा भाग येतो. त्या ताऱ्यांमुळे पाऊस पडत नाही. तो पडतो जमीन तापल्याने आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांनी. नक्षत्रं फक्त तारीख सांगतात. पण छापील दिनदर्शिका नव्हती तेव्हा ही केवढी मोठी सोय होती! शिवाय त्या तारखेला एक वजन होतं. मिरग निघायच्या आधी पेरायचं नाही, तिफणीची पूजा झाल्याशिवाय मोघड धरायची नाही. वरच्या आभाळाने खालच्या माणसाच्या घाईला लगाम घातलेला होता. या विश्वदृष्टीचं मोल मला इथे दिसतं.

यातली एक बाजू मात्र फारशी कोणी सांगत नाही. पृथ्वीचा अक्ष हळूहळू दिशा बदलतो आणि त्याचा एक फेरा साधारण २६,००० वर्षांत पुरा होतो. त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं भरतं. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण एकाहत्तर-बहात्तर वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगून झाली. तेव्हाचा मृग ऋतूंच्या हिशेबाने आजच्यापेक्षा सुमारे दहा दिवस आधी निघत होता. आणखी हजार वर्षांनी तो आणखी पंधरवडाभर पुढे सरकलेला असेल. म्हणजे नक्षत्र आणि पाऊस यांची गाठ कायमची बांधलेली नाही. ती पाहून-पाहून, अनुभवाने बांधलेली आहे.

आणि आता तर पाऊसच आपली रीत बदलतोय. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या मोठ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. मराठवाड्याला आकडा वाचायचीही गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच मराठवाड्यात पुराने पिकांखालची जमीन खरडून नेली. मृगाच्या भरवशावर पेरलं आणि मग तीन आठवडे उघाड पडली, तर दुबार पेरणी ठरलेली. म्हणून कृषी खातं सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका. मला यात जुन्याचा अपमान दिसत नाही. लगाम तोच आहे, फक्त तो आता आभाळाकडे पाहून न धरता जमिनीतली ओल पाहून धरायचा आहे.

जिथे पिंडी नाही तिथे पाय

दुसरं चित्र वारकऱ्यांचं, आणि त्याची सगळ्यात धीट गोष्ट याच औंढ्यात घडल्याचं परंपरा सांगते. नामदेव गुरूच्या शोधात आले, तर विसोबा खेचर देवळात चक्क पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेवांनी रागावून पाय काढायला सांगितलं. विसोबा म्हणाले, बाबा, म्हातारा झालोय, जिथे पिंडी नाही तिथे तूच पाय उचलून ठेव. नामदेव पाय ठेवतील तिथे पिंडी उगवू लागली.

देव सगळीकडे आहे, एवढंच सांगून ही गोष्ट सहसा संपवली जाते. पण तिचे अर्थ दोन होतात आणि दोन्ही दिशा उलट्या आहेत. सगळीकडेच पिंडी आहे, तर पाऊल टाकायचं ते जपून टाकावं, हा एक. सगळीकडेच पिंडी आहे, तर मग कुठेही पाय दिला तरी काय बिघडतं, हा दुसरा. नदीला गंगा म्हणून तिच्यातच सांडपाणी सोडणारा माणूस दुसरा अर्थ जगत असतो आणि त्याला तो भक्तीविरुद्ध वाटतही नाही.

या पेचातून वाट काढणारी गोष्ट पैठणची आहे. एकनाथ महाराज काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघाले होते. वाटेत तहानेने तडफडणारं गाढव दिसलं आणि त्यांनी कावडीतलं पाणी त्याच्या तोंडात ओतलं. इथे विचार नुसता विचार राहिला नाही, त्याची किंमत मोजली गेली. एवढ्या चालीचं पुण्य ज्या पाण्यात साठवलं होतं तेच पाणी गेलं. माझं म्हणणं याच जागी आहे: विश्वाबद्दलचं कितीही सुंदर चित्र तोवर काही बदलत नाही, जोवर त्यापायी माणूस स्वतःचं काहीतरी सोडत नाही.

यंत्रासारखं विश्व

सतराव्या शतकातल्या युरोपात तिसरं चित्र बळावलं. देकार्तसारख्या विचारवंतांनी सृष्टीला यंत्र मानलं, प्राण्यांनासुद्धा. यंत्राचे भाग सुटे करता येतात, मोजता येतात, बदलता येतात. या दृष्टीने जगाला अफाट सामर्थ्य दिलं आणि मराठवाड्यालाही दिलं. जायकवाडी धरण त्याच मोजमापातून उभं राहिलं. १९६५ मध्ये त्याची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये लोकार्पण. त्याच्या जलाशयाला नाव मात्र नाथसागर. मला ही जोडी आवडते.

उणीव अशी की यंत्राच्या भागाबद्दल कोणाला आपलेपणा वाटत नाही. नदी म्हणजे क्युसेक, जंगल म्हणजे घनमीटर लाकूड. लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने १९६७ मध्ये लिहिलं की पर्यावरणाच्या संकटाची मुळं धर्मविचारात आहेत. सृष्टी माणसासाठीच निर्माण झाली, या पाश्चात्त्य ख्रिस्ती समजुतीत. तो स्वतः ख्रिस्ती होता आणि पशुपक्ष्यांना भावंडं मानणाऱ्या असिसीच्या संत फ्रान्सिसकडे वळा, असं त्याने सुचवलं. त्याच्या लेखावरचा वाद अजून चालू आहे.

मंगळाने आणि शुक्राने काय शिकवलं

चौथं चित्र आजच्या विज्ञानाचं. लायगो त्यातच भर घालणार आहे. प्रचंड वस्तुमानाच्या गोष्टी एकमेकींवर आदळल्या की अवकाशच किंचित ताणलं आणि आकसलं जातं. त्या हेलकाव्यांना गुरुत्वीय लहरी म्हणतात. वेधशाळेच्या चार-चार किलोमीटर लांब दोन काटकोनी भुजांमधून लेसरचा प्रकाश फिरतो आणि भुजांच्या लांबीतला, प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म असा फरक टिपतो. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी पहिली लहर पकडली. ती सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आली होती.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची लहर मात्र १७ ऑगस्ट २०१७ ची. दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मोठ्या ताऱ्यांचे मागे उरलेले अतिशय घट्ट गाभे, एकमेकांत मिसळल्याची ती खूण होती आणि दुर्बिणींनी त्याच जागी जड मूलद्रव्यं तयार होताना पाहिली. सोन्यासारखी मूलद्रव्यं अशा टकरीतून बनतात, याला त्यातून भक्कम आधार मिळाला. रक्तातलं लोह आणि हाडांतलं कॅल्शियम ताऱ्यांच्या पोटात घडलं, हे आधीपासून माहीत होतंच. पाण्यातला हायड्रोजन तर विश्वाच्या आरंभीचा, सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वीचा. आपली काळी माती साडेसहा कोटी वर्षांमागच्या लाव्हाच्या खडकाची झीज होऊन झालेली. म्हणजे विश्व ही स्थिर मांडणी नाही, तो एक प्रवास आहे आणि शेतकरी, बैल, ज्वारी हे तिघंही त्याच प्रवासातून आलेले आहेत.

पण नातं सांगणं वेगळं आणि त्यातून पर्यावरणाचा विचार निघणं वेगळं. तो खरोखर कसा निघाला, त्याची दोन उदाहरणं मला फार बोलकी वाटतात. १९६० च्या दशकात जेम्स लवलॉक हे ब्रिटिश शास्त्रज्ञ नासासाठी एका प्रश्नावर काम करत होते: मंगळावर जीव आहे का, हे कसं ओळखायचं? त्यांचं उत्तर होतं, हवा तपासा. मंगळाची हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची, निपचित. पृथ्वीच्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन आणि सोबतीला मिथेन. हे दोन वायू एकमेकांना संपवतात, तरी दोन्ही टिकून आहेत, कारण झाडं आणि जिवाणू ते सतत नव्याने तयार करत असतात. यातूनच, जीवसृष्टी आपली हवा स्वतः सांभाळते, हा विचार पुढे आला. जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांच्यासोबत त्यांनी तो गाया या नावाने मांडला. पृथ्वी जाणूनबुजून काही करते, असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि तसा अर्थ काढणाऱ्यांवर टीकाही झाली. पण हवा आणि जीव यांना वेगळं करता येत नाही, हे मात्र टिकलं.

दुसरं उदाहरण अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांचं. ते आधी शुक्राच्या वातावरणाचा अभ्यास करत होते. दाट कार्बन डायऑक्साइडच्या दुलईखाली तिथलं तापमान ४६० अंशांच्या आसपास. तिथून ते पृथ्वीच्या हवेकडे वळले आणि पृथ्वी तापते आहे, हे २३ जून १९८८ रोजी त्यांनी अमेरिकन सिनेटसमोर सांगितलं. दूरचे ग्रह पाहून इथल्या हवेचं दुखणं कळायला असा हातभार लागला. ‘कृष्णविवरांचं आम्ही काय करायचं’ या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे.

मधल्या काळात एक छायाचित्रही आलं. २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ या यानातून अंतराळवीर बिल अँडर्स यांनी चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी पृथ्वी टिपली. दीड वर्षाच्या आत, २२ एप्रिल १९७० ला, पहिला वसुंधरा दिन साजरा झाला. त्याला कारणं अनेक होती, पण त्या चित्राने पृथ्वीला कड आहे हे लाखो लोकांना एकदम दाखवलं. १९७३ मध्ये नॉर्वेचे तत्त्वज्ञ आर्ने नेस यांनी सखोल परिसरवाद मांडला: निसर्ग माणसाच्या उपयोगाचा आहे म्हणून नव्हे, तर त्याचं स्वतःचं मोल आहे म्हणून जपायचा.

‘हे तर आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होतं’

ही पहिली हरकत, आणि कीर्तनाच्या मंडपापासून व्हॉट्सॲपपर्यंत ती सगळीकडे भेटते. नाही, ठाऊक नव्हतं. विसोबांना न्यूट्रॉन ताऱ्यांची कल्पना नव्हती आणि त्यांची थोरवी त्याने तसूभरही कमी होत नाही. ते माणसाने कसं जगावं हे सांगत होते, मूलद्रव्यं कशी बनतात हे नव्हे. दोन्ही एकच म्हणायला गेलं की दोन्हींचं नुकसान होतं. विज्ञान तपासणीविना स्वीकारलं जातं आणि संतांच्या वचनाला विज्ञानाच्या शिफारसपत्राची गरज पडू लागते.

‘याच विचारांनी माणसामाणसांत भिंती घातल्या, त्याचं काय?’

ही हरकत खरी आहे आणि तिला बगल देऊन पुढे जाता येणार नाही. ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात विश्वपुरुषाच्या मुखातून, बाहूंतून, मांड्यांतून आणि पायांतून चार वर्ण निघाले असं म्हटलं आहे. म्हणजे विश्वाच्या चित्रातच उतरंड रंगवलेली. चराचरात एकच तत्त्व मानणाऱ्या गावांनीच पाणवठे वेगळे ठेवले. डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. नद्या-तलावांच्या पावित्र्याच्या गोष्टी सांगताना तिथे कोणाला ओंजळ लावू दिली नव्हती, हेही त्याच तोंडाने सांगितलं पाहिजे.

मराठवाड्याकडे यावर उत्तर देणारी परंपराही आहे, अजिंठा-वेरूळपासून डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये छत्रपती संभाजीनगरात उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयापर्यंतची. बौद्ध विचारातला प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे कारणांमधून कार्य घडणं: हे असेल तर ते होतं, हे नसेल तर ते होत नाही. त्यात वर कोणी नाही, खाली कोणी नाही. धरणाखालचं गाव, वरचं गाव, ऊस, टँकर आणि टँकरपुढची रांग यांचा संबंध समजून घ्यायला मला हा विचार सगळ्यात सरळ वाटतो.

‘कर्जातल्या शेतकऱ्याने हे ऐकून काय करायचं?’

उसाला एका हंगामात साधारण १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागतं. मराठवाड्यात वर्षाचा पाऊस सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर. उरलेलं पाणी जमिनीतून किंवा धरणातून येणार, आणि काळ्या पाषाणात पाणी मुरून साठायला जागा फार थोडी. हे गणित शेतकऱ्याला कळतं. तरी तो ऊस लावतो, कारण ऊस नेणारा कारखाना आहे; ज्वारी-तुरीला तशी खात्री नाही. इथे विश्वाचं कोणतंही चित्र कामाचं नाही, भावाची हमीच लागेल. हे स्पष्ट म्हणायला हवं, नाहीतर अध्यात्म सांगून धोरणाची जबाबदारी गरिबाच्या मनावर ढकलली जाते.

पण हमी आली तरी पाणी वाटायचं कसं, हा प्रश्न गावालाच सोडवावा लागेल, आणि त्यासाठी सवय लागते. लातूर-धाराशिवकडे ती सवय एका सणाच्या रूपात जिवंत आहे. मार्गशीर्ष अमावस्येला, येळवसेला, गावं ओस पडतात कारण सगळं गाव शिवारात असतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करून आत पाच दगडांचे पांडव मांडतात. भज्जीची भाजी, बाजरीचे उंडे आणि माठात गार झालेलं आंबील. जेवायच्या आधी घरचा माणूस ते आंबील पिकावर शिंपडत वावराला फेरी मारतो. पहिला घास मातीचा. मग ज्याचं शेत नाही त्यालाही बोलावून पंगतीला बसवतात.

डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत मराठवाड्यातली काही गावं होती. तिथे गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकवलं गेलं: पाऊस किती पडला, मुरला किती, पिकं किती पिणार. पण असे तक्ते बऱ्याचदा भिंतीवरच राहतात. येळवस डिसेंबर-जानेवारीत येते. पावसाचा हिशोब तोवर पुरा झालेला असतो आणि उन्हाळी पिकं घ्यायची की नाही, हे ठरायचं असतं. त्या दिवशी सगळं गाव शिवारात असतं, भूमिहीनसुद्धा पंगतीत असतो. आंबील शिंपून झाल्यावर, पंगत बसायच्या आधी, त्याच कोपीपुढे हा ताळेबंद मोठ्याने वाचावा आणि उन्हाळ्यात बोअर किती तास चालवायची ते तिथेच ठरवावं. निदान एका गावाने हे करून पाहावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.